मावशींचा पाण्याचा घोट

"मला काय धाड भरलीय?"

जळोचीत आमच्या शेजारी राहणाऱ्या मावशींचं हे कुठल्याही प्रश्नाला उत्तर. ताप असो की पाय मुरगळलेला असो, पदर खोचून, हे वाक्य फेकून त्या गोठ्याकडे चालू पडायच्या. अशी माणसं तुमच्याही ओळखीची असतील. त्यांच्यापुढे डॉक्टरसुद्धा हात टेकतात.

त्यांची म्हैस व्याली तेव्हा खरवस घरोघर गेला. आठवड्याभरात म्हशीचं खाणं सुटलं, तोंडातून लाळ गळू लागली. बादलीत तोंड घालायची, पण घोट आत जाईना. "घशात उसाचं कांडं अडकलंय," म्हणत मावशींनी कोपरापर्यंत हात तिच्या तोंडात घातला. कांडं काही सापडलं नाही. गुरांचे डॉक्टर आले ते गोठ्याच्या दारातच थबकले. म्हैस पिसाळली होती. मागं कधीतरी भटकं कुत्रं चावलं असणार. दुसऱ्याच दिवशी ती गेली.

मावशी ढसाढसा रडल्या आणि डोळे पुसून गल्लीत फिरल्या. "माझ्या हातचा खरवस खाल्लाय न्हवं? चला समदी इंजेक्शनला!" 'आम्हाला खरवस मिळालाच नाही' म्हणून कुरकुरणारेही निमूट टमटममध्ये चढले.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई हसल्या. "खरवस शिजवलेला होता, घाबरू नका. पण म्हशीच्या तोंडात हात कुणी घातला?"

आम्ही सगळ्यांनी मावशींकडे पाहिलं. त्यांच्या मनगटावर उसाच्या पाल्याचे ताजे ओरखडे होते. त्यांनी हात पदराखाली घेतला.

"मला काय धाड भरलीय?"

"अजून काही झालं नाही, म्हणूनच लस उपयोगी पडेल," बाई म्हणाल्या. "एकदा पाणी गिळवेनासं झालं, की आमच्या हातात काही राहत नाही. त्यातनं माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल."

"म्हशीवानी?" मावशींचा आवाज पहिल्यांदाच बारीक ऐकला. मग त्यांनी हात पुढं केला.

सगळी इंजेक्शनं झाली. तरी त्या रोज संध्याकाळी आमच्या दारात यायच्या. "पाणी दे गं." उभ्याउभ्या तांब्या रिकामा करून म्हणायच्या, "गेलं बघ." आम्ही हसायचो. खरं तर त्यांना भीती वाटत होती, आणि मलाही.

आता त्या बावड्याला लेकीकडे राहतात. शेजारचा गोठा रिकामा आहे. परवा फोन केला.

"मावशी, बरं हाय न्हवं?"

"थांब जरा."

भांड्याचा आवाज आला. मग घटाघटा पाणी पिण्याचा.

"मला काय धाड भरलीय?"