आमच्या क्वायरचा शेवटचा रविवार

चार माणसं गायला एकत्र बसली की गाणी कमी आणि किस्सेच जास्त जमतात! घुग्घुसला खाणीच्या कॉलनीत आमचं छोटंसं चर्च होतं आणि त्याची क्वायर, म्हणजे आम्ही गाणारी मंडळी. मी हार्मोनियम वाजवायचे. मागच्या वर्षी ते चर्च चंद्रपूरच्या मोठ्या चर्चला जोडलं गेलं आणि क्वायर बंद झाली. तेव्हापासून आमच्यातलं कोणीही बाजारात भेटलं की भाजी राहते बाजूला, "तो किस्सा आठवते का?" सुरू होतं. त्यातले हे थोडे.

* * *

क्वायरमधली बहुतेक माणसं खाणीतली. त्यामुळे आमची गाणी शिफ्ट बघून ठरायची! खालच्या पट्टीतला दमदार आवाज एकच, डंपर चालवणारे जोसेफभाऊ. त्यांना फर्स्ट शिफ्ट लागली की रविवारी बेस गायब.

केरळहून नवे फादर आले. पहिल्याच प्रॅक्टिसला त्यांनी पुस्तकी मराठीत विचारलं, "आपल्याकडे खालचा आवाज नाही काय?"

"आहे नं फादर. खदानीत आहे!"

फादर गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे फारच खाली आहे."

* * *

याच फादरांचा पहिला गुड फ्रायडे. दुपारची प्रार्थना, चर्च गच्च भरलेलं. येशूने मान लववून प्राण सोडला, इथपर्यंत वाचन आलं आणि सगळे गुडघ्यावर बसले. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

आणि नेमकं तेव्हाच खाणीत ब्लास्टिंग झालं! खिडक्या थडथडल्या, पंख्यावरची धूळ आमच्या डोक्यावर. डोळे उघडून बघतो तर फादर वेदीच्या मागे दडलेले!

त्या दिवशी जोसेफभाऊ हजर होते. आपल्या भरदार आवाजात म्हणाले, "उठा जी फादर, हे रोजचंच आहे!"

* * *

फादरांना चांगलं मराठी शिकायचं होतं. शिकवणी लावली मार्थाबाईंकडे. मार्थाबाई म्हणजे क्वायरमधल्या सगळ्यात थोरल्या, कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करायच्या, आणि वरची पट्टी अशी की हार्मोनियमने हात जोडावेत. मी विचारायचे, "बाई, कोणत्या सुरात धरू?" तर म्हणायच्या, "तू सुरू कर, मी येतो मागून!"

वर्षभरात फादर फडाफडा बोलायला लागले. मग बिशप भेटीला आले. गाडीला उशीर झालेला, आम्ही हार घेऊन उन्हात उभे. फादर पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "काऊन जी बिशप, लय वेळ लावला! पहिले जेवून घेता का?"

आम्ही सगळे खाली बघायला लागलो. बिशपांनीही हात जोडले.

"घेतो नं जी!"

* * *

हा किस्सा हसण्याचा नाही, पण त्याच्याशिवाय मार्थाबाई कळायच्या नाहीत. त्यांचे यजमान वारले. चर्चमध्ये शवपेटी आणून ठेवली होती, घरचे सगळे पुढच्या बाकावर. आम्ही गाणं सुरू करणार, तेवढ्यात पांढऱ्या साडीतल्या मार्थाबाई उठल्या आणि आमच्यात, आपल्या रोजच्या जागी येऊन उभ्या राहिल्या.

मी हळूच म्हटलं, "बाई, आज राहू द्या."

"रडाले पुष्कळ लोक आहेत," त्या म्हणाल्या. "गायाले कोन आहे?"

पूर्ण मिस्साभर, शेवटच्या प्रार्थनेपर्यंत गायल्या. सूर कुठेही हलला नाही.

* * *

चर्च जोडायचा निर्णय फादरांनीच आम्हाला सांगितला, तोही प्रॅक्टिसच्या दिवशी. कॉलनीतली माणसं रिटायर होऊन गावोगाव गेली, फादर लोक कमी पडतात, यापुढे रविवारची मिस्सा फक्त चंद्रपूरला. बोलताना ते आमच्याकडे बघतच नव्हते.

"आन् आमी?" जोसेफभाऊंनी विचारलं.

"तिथे त्यांची क्वायर आहे. तुम्ही सगळ्यांसोबत बाकावर बसून गा."

मार्थाबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. "ठीक आहे. मंग गुरुवारची प्रॅक्टिस माह्या आंगणात."

फादर गोंधळले. "बाई, क्वायर राहिली नाही. आता प्रॅक्टिस कशाला?"

"काऊन? बाकावर बसून बेसुरं गाऊ का?"

त्याच संध्याकाळी जोसेफभाऊंनी माझी हार्मोनियम मोटरसायकलवर बांधली आणि बाईंच्या अंगणात नेऊन ठेवली. रविवारपुरती तेवढी चर्चमध्ये परत आणायची, असं ठरलं. गुरुवार अजून एकही चुकलेला नाही.

* * *

आणि आता तो शेवटचा रविवार. नाताळलाही न येणारी माणसं त्या दिवशी नागपूरहून, वणीहून आली होती. मिस्सा झाली, आशीर्वाद झाला, राहिलं फक्त शेवटचं गाणं. ते संपलं की वेदीजवळचा कायम तेवणारा दिवा विझणार आणि दाराला कुलूप लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या गाण्याची आम्ही नेहमी दोनच कडवी म्हणायचो. दुसरं कडवं संपलं. मी भात्यावरचा हात काढला.

मार्थाबाईंनी तिसरं कडवं उचललं!

ते आम्ही जन्मात कधी म्हटलं नव्हतं. मी घाईने भाता धरला. चौथ्याला जोसेफभाऊ खालच्या सुरात आले. बाहेर पडून चपला शोधणारी माणसं थांबली आणि एकेक करून परत आत आली. पुस्तकातली सगळी कडवी संपली. मी बाईंकडे बघितलं. त्यांनी पान मागे उलटलं आणि गाणं पहिल्यापासून धरलं. आता सगळं चर्च गात होतं.

फादर कुलूप हातात घेऊन दाराशी उभे होते. शेवटी ते हळूहळू चालत आमच्यापाशी आले आणि दोन कडव्यांच्या मधे वाकून म्हणाले, "बाई, अजून किती राहिलं?"

मार्थाबाईंनी पुस्तकातून मान वर काढली नाही.

"तुमी बसून घ्या नं जी, फादर."