पळून गेलेला वैद्य

माझी बायको ज्या आजाराने गेली, तो तिने मला तीनदा सांगितला होता. मी हाडांचा डॉक्टर, इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत वीस वर्षं हॉस्पिटलात काढलेला. तरी तो ओळखला गेला एका चिनी वाक्प्रचारामुळे, आणि तोही मला नाही, तिलाच कळला.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. आमच्याकडे सोनोग्राफी करणारी एक चिनी बाई होती, पन्नाशीची, कमी बोलणारी. कँटीनमध्ये आम्ही एकाच टेबलावर डबा खायचो. त्यांच्या भाषेत चार-चार अक्षरांचे वाक्प्रचार असतात आणि बऱ्याच वेळा त्यामागे एखादी गोष्ट असते, हे मला तिच्याकडूनच समजलं. ती पेपर नॅपकिनवर अक्षरं काढून गोष्ट सांगायची, अर्थ मी ओळखायचा. सापाच्या चित्राला पाय काढणारा म्हणजे नको तिथे शहाणपणा. पेल्यात पडलेलं धनुष्याचं प्रतिबिंब साप समजून आजारी पडलेला पाहुणा म्हणजे उगाचची भीती. विहिरीतल्या बेडकावर तर मी टेबलच बडवलं; आमचा कूपमंडूक, जसाच्या तसा! ते नॅपकिन मी घरी आणायचो आणि जेवताना बायकोपुढे फुशारकी मारायचो. ती डोळे मिटून मान हलवायची.

त्याच महिन्यांत ती म्हणाली, "अहो, पोट सारखं फुगल्यासारखं वाटतं." मी म्हणालो, गॅस असेल. मग कंबर दुखायला लागली. हाडांच्या डॉक्टरने गादी बदलली. स्कर्ट कमरेत बसेना तेव्हा मी चेष्टा केली, "समोसे कमी कर." आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. "एकदा जीपीला दाखवून येऊ का?" असंही तिने विचारलं होतं. मला तो अपमान वाटला. घरात कन्सल्टंट असताना जीपीच्या, म्हणजे साध्या फॅमिली डॉक्टरच्या, वेटिंग रूममध्ये जाऊन बसायचं?

एका दुपारी नवा नॅपकिन आला. एक वैद्य राजाकडे येतो आणि सांगतो, आजार कातडीत आहे. राजा म्हणतो, मला काही झालेलं नाही. या वैद्यांना धडधाकट माणसांना बरं करून नाव कमवायचं असतं. वैद्य पुन्हा येतो, आजार मांसात उतरलाय. पुन्हा येतो, आता आतड्यांत. राजा ऐकत नाही. चौथ्यांदा वैद्य लांबूनच राजाला बघतो आणि पळून जातो. अर्थ, दुखणं लपवायचं आणि वैद्याला टाळायचं.

घरी मी ती गोष्ट रंगवून सांगितली. असले पेशंट माझ्याकडेही येतात, म्हणून हसलो. ती पोळी वाढता वाढता थांबली.

"चौथ्यांदा का पळाला तो?"

"आजार हाडांच्या मज्जेपर्यंत पोचला होता. वैद्याच्या हातात काही उरलं नव्हतं."

"आणि राजाने आपणहून सांगितलं असतं, पण वैद्यानेच ऐकलं नसतं तर?"

"मग गोष्टच झाली नसती," मी म्हणालो आणि भात मागितला.

सोमवारी ती मला न सांगता जीपीकडे गेली. दोन आठवड्यांनी आमच्याच हॉस्पिटलात तिची सोनोग्राफी झाली. करणारी तीच बाई. मी पलंगाशी उभा होतो. स्क्रीनवर काय आहे ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. अंडाशयात गाठ आणि पोटभर पाणी. बाईने माझ्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. मी खिशातून ब्लीप, हॉस्पिटलचा पेजर, काढून बघितला, "वॉर्डमध्ये बोलावलंय" म्हणालो आणि कार पार्कमध्ये जाऊन उभा राहिलो. पाऊण तास. परत आलो तेव्हा बाहेर पेशंट खोळंबले होते आणि ती बाई त्या खुर्चीवर माझ्या बायकोचा हात धरून बसली होती.

बायको पुढे अकरा महिने जगली. मला ती एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. शेवटच्या आठवड्यात मी तिचे ओठ ओले करत होतो, तेव्हा तिने एकच विचारलं.

"अहो, त्या दिवशी ब्लीप खरंच वाजला होता?"

"हो," मी म्हणालो.

तिने डोळे मिटून मान हलवली, माझ्या नॅपकिनच्या गोष्टी ऐकताना हलवायची तशीच.