सर येऊन गेले का?

आमच्या इतिहासाच्या सरांनी ज्याला बोलतं केलं नाही असा एकही म्हातारा माणूस आमच्या पंचक्रोशीत उरलेला नाही. आणि ज्यांना बोलतं केलं, त्यांतलेही फारसे उरलेले नाहीत. यात सरांचा काडीचाही दोष नाही, हे मी आधीच सांगून टाकते. मी त्यांच्याच शाळेत मराठी शिकवते, आमच्या वर्गांच्या मधली भिंत अशी की त्यांचा निम्मा इतिहास माझ्या पोरांना फुकट ऐकायला मिळतो. तेव्हा मी त्यांची बाजू घेणार हे उघड आहे. इतिहासाच्या पुस्तकात मौखिक साधनं म्हणून एक चिमुकला परिच्छेद असतो. लोकांच्या आठवणी हासुद्धा इतिहासाचा पुरावा आहे, एवढंच त्याचं सांगणं. बाकीचे शिक्षक तो ‘घरी वाचून घ्या’ म्हणून सोडून देतात. आमच्या सरांनी त्या परिच्छेदावर उभी हयात काढली.

सरांची रीत ठरलेली. म्हाताऱ्यासमोर मांडी घालून बसायचं, मोबाईल रेकॉर्डिंगला लावून मधे ठेवायचा आणि त्यावर आपला रुमाल टाकायचा. कारण यंत्र दिसलं की माणूस बोलायचं सोडून भाषण करतो, असं त्यांचं म्हणणं. मग पूर्ण नाव, जन्मगाव, बाईमाणूस असेल तर माहेरचं नाव. आणि पुढचा प्रश्न हमखास जेवणाचा. गावात पहिल्यांदा वीज आली त्या संध्याकाळी काय शिजलं होतं? साखर कारखान्याचा पहिला बॉयलर पेटला त्या दिवशी डब्यात काय होतं? ‘माणूस पराक्रमाबद्दल खोटं बोलतो, बाई, भाकरीबद्दल नाही बोलत,’ हा त्यांचा सिद्धांत. एकदा नगरहून येताना एस.टी.त शेजारी असाच एक म्हातारा भेटला. राहुरी आली तेव्हा म्हाताऱ्याची गोष्ट जेमतेम लग्नापर्यंत आली होती. सर उतरलेच नाहीत. शाळा भरायच्या वेळेला मला थेट संगमनेरच्या स्टँडवरून फोन : ‘बाई, माझा पहिला तास घ्याल का? माणूस फार महत्त्वाचा आहे.’ मी विचारलं, कोण होते ते? तर म्हणाले, ‘ते अजून नाही कळलं. पण त्यांनी सायकल पहिल्यांदा बघितली ना, त्या दिवशी घरात मेथीची भाजी होती.’

लग्नकार्यात सरांना शोधायचं तर मांडवात बघायचं नाही. मांडवामागे जिथे म्हातारे फेटे सैल करून टेकलेले असतात, तिथे ते सापडतात. एका लग्नात नवरीच्या आजोबांना त्यांनी असं काही गप्पांत गुंतवलं, की मंगलाष्टकं उरकली, टाळ्या वाजल्या आणि आजोबांच्या मुठीत अक्षता तशाच राहिल्या. आजोबा हळहळले, पण सरांवर रागावले नाहीत. ‘एवढं कोनी इच्यारलंच न्हवतं मला,’ एवढंच म्हणाले. मला वाटतं, सरांच्या वेडाची खरी किल्ली तिथेच होती. म्हाताऱ्या माणसाला औषध घेतलं का, झोप लागली का, हे सगळे विचारतात. तुम्ही कोण होता, हे कोणी विचारत नाही.

अर्थात रोज अशा माणसाच्या शेजारी बसायचं म्हणजे सोपं काम नव्हे. आमच्या हेडमास्तरांना तरुणपणच्या कबड्डीची एक गोष्ट सांगायची खोड आहे. आम्ही सगळे ती दर वेळी नव्याने ऐकल्यासारखी ऐकतो, नोकरी करायची म्हटल्यावर माणूस एवढं करतो. पण सर मधेच शांतपणे म्हणणार, ‘मागच्या वेळी गुडघा डावा होता, सर.’ पोरगं उशिरा आलं आणि एस.टी. पंक्चर झाली म्हणालं, की सरांना दोन साक्षीदार लागतात, आणि तेही एकमेकांशी न बोललेले. पोरं मात्र त्यांच्यावर जीव टाकतात. बहात्तरचा दुष्काळ शिकवताना त्यांनी अख्खा वर्ग मैदानात नेला, हातोड्या वाटल्या आणि तासभर खडी फोडायला लावली. एकाचीही खडीची पाटी भरली नाही. दुसऱ्या दिवशी एक पालक बोटाला चिंधी बांधलेल्या लेकाला घेऊन तावातावाने आले. ‘आमी पोरगं शिकायला धाडतो का रोजगार हमीला?’ म्हणून टेबलावर हात आपटला. सरांनी त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, ‘तुमचे वडील होते का हो दुष्काळी कामावर?’ मधली सुट्टी होऊन गेली तरी ते गृहस्थ बोलतच होते. जाताना तक्रार करायची विसरले आणि लेकाला शाळेतच ठेवून गेले.

घोटाळा सुरू झाला तो एका हिवाळ्यात. गावातले एक जुने शिंपी सरांशी भरपूर बोलले आणि त्याच आठवड्यात गेले. मग एक निवृत्त पोस्टमन. मग देवळाजवळची एक आजी. सर जायचे तेच मुळी पिकल्या पानांकडे, त्यामुळे पानं गळायची यात नवल काय? पण गाव हिशेब मांडायला बसलं की सरळ मांडत नाही. कोणी आजारी पडलं की लोक विचारायला लागले, ‘डॉक्टर काय म्हनले?’ आणि लगेच आवाज खाली आणून, ‘सर येऊन गेले का?’ लांबून सरांची मोटारसायकल दिसली की ओट्यावरची म्हातारी माणसं एकेक करून आत जायला लागली. एका आजीने तर दारातूनच हात जोडले, ‘मास्तर, मला नातीचं लगीन बघायचंय अजून. तुमी पुढच्या साली या.’ कहर म्हणजे एका घरून चक्क बोलावणं आलं. म्हातारबाबा कित्येक महिने अंथरुणाला खिळलेले, सुटता सुटत नव्हते. थोरल्या मुलाने फार संकोचत सरांना विनवलं, ‘सर, येऊन जा की एकदा.’ सर गेले. म्हातारबाबा कुस्त्यांच्या आठवणी सांगता सांगता उठून बसले, चहा मागितला आणि पुढच्या आठवड्यात मटणाचा रस्सा पिऊन वर आणखी दोन वर्षं खणखणीत जगले. त्या घरचे सरांशी आजही नीट बोलत नाहीत.

सर या सगळ्याला खो खो हसत. वर्गात तर त्यांनी याचाच धडा केला. ‘मी म्हाताऱ्यांकडे जातो म्हणून ते मरत नाहीत, पोरांनो. ते म्हातारे असतात म्हणून मी जातो, आणि म्हातारे असतात म्हणूनच मरतात. दोन गोष्टी एकामागून एक झाल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी झाली, असं इतिहासात धरायचं नसतं.’ भिंतीपलीकडून माझ्या वर्गानेही ते ऐकलं. कार्यकारणभाव इतक्या सोप्या शब्दांत सांगणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही, आणि म्हणूनच पुढचं मला आजही सांगवत नाही.

सरांची आई त्यांच्याकडेच असे. काटक, मोजकं बोलणारी, कपाळावर कायम एक आठी. बहात्तरच्या दुष्काळात ती पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला होती आणि तेव्हा सर तिच्या पोटात होते. हे सगळ्या शाळेला माहीत होतं, कारण सर दर वर्षी ते अभिमानाने सांगत. पण एवढंच. ती तिथे कशी राहिली, कोणाबरोबर होती, काय खाल्लं, दिवस भरत आले तेव्हा काय केलं, यातलं सरांना काही ठाऊक नव्हतं. साऱ्या तालुक्यातल्या म्हाताऱ्यांचे दुष्काळ त्यांच्या मोबाईलमध्ये होते, फक्त स्वतःच्या आईचा नव्हता. मी कधी घरी गेले की आई भाजी निवडता निवडता म्हणायची, ‘बाई, साऱ्या गावाला इच्यारत फिरतो त्यो. मी काय मुकी हाय का? त्याला म्हनावं, बस एकदा माज्याफुडं. लई हाय सांगन्यासारखं.’ आणि थोडं थांबून, ‘का माजं काय न्हाईच इच्यारन्यासारखं?’ हे शेवटचं ती अशा आवाजात म्हणायची की माझ्या हातातला चहा कडू व्हायचा.

मी सरांना सांगायची. ते म्हणायचे, सहामाही होऊ दे. मग म्हणायचे, दहावीचे पेपर होऊ देत. मग उन्हाळा फार आहे, मग आईला खोकला आहे. ज्या माणसाने अनोळखी म्हाताऱ्यापायी संगमनेर गाठलं, त्याला स्वतःच्या ओट्यावर बसायला मुहूर्त मिळेना. एके दिवशी स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. मी जरा चिडूनच म्हटलं, ‘सर, ती वाट बघते हो. तिला वाटतं तुम्हाला तिचं काही ऐकायचंच नाही.’ सर बराच वेळ पेपर तपासल्यासारखं करत राहिले. मग म्हणाले, ‘बाई, हसू नका. दोनदा बसलो होतो तिच्यापुढे. मोबाईल काढला, रुमाल काढला. आणि हात पुढे जाईना. म्हटलं, मी विचारलं आणि...’ अख्ख्या गावाला कार्यकारणभाव शिकवणारा माणूस! हसू मला अजिबात आलं नाही. मी एवढंच म्हटलं, ‘अहो, मग तिला तसं सांगा तरी.’ ते म्हणाले, ‘तुझ्या मरणाला भितो म्हणून तुला विचारत नाही, असं आईला कसं सांगायचं?’

न विचारल्याने काही टळलं नाही. श्रावणात आईला लकवा झाला. नगरच्या दवाखान्यात बरेच दिवस काढून ती घरी आली ती उजवा हात आणि वाचा तिथेच ठेवून. समजत सगळं होतं, माणसं ओळखत होती, पण तोंडातून नुसता आवाज निघे, शब्द नाही. सर तिला भरवायचे, वेणी घालायचे, अंघोळीला पाणी काढायचे, आणि शाळेत येऊन कोऱ्या पाटीसारख्या चेहऱ्याने शिकवायचे. भिंतीपलीकडून येणारा इतिहास त्या काळात फार बारीक आवाजात यायचा. एकदा मला म्हणाले, ‘ती जिवंत आहे, समोर बसलेली आहे, आणि माझ्या हातून गेली, बाई. मीच घालवली.’

मग कुठूनसं त्यांना कळलं की आईबरोबर त्या कामावर असलेली एक बाई शेजारच्या गावात अजून आहे. बायका बायकांशी मोकळं बोलतात म्हणून ते मला बरोबर घेऊन गेले. म्हातारीने सरांना जवळ ओढून तोंडावरून हात फिरवला. ‘तू तिचा पोरगा व्हय? पोटात हुतास की रं तवा. तुजी आय म्हंजे काय सांगू तुला! लई हसवायची आमाला. डोक्यावर पाटी उलटी घालून मुकादमाची नक्कल करायची, त्येच्यावानी पोट फुडं काढून चालायची. तिचं पोट तर आलेलंच हुतं! आमी हसून हसून लोळायचो. भूक इसरायचो बग.’ जेवणाचा प्रश्न विचारायचं सरांना भान राहिलं नाही. परतताना गाडी चालवता चालवता दोन-तीनदा म्हणाले, ‘माझी आई? मी तिला मोठ्याने हसताना कधी बघितलेलं नाही, बाई.’

घरी आई खिडकीशी खुर्चीत बसली होती. सर तिच्या पायाशी बसले आणि त्यांनी विचारलं, ‘आई, तू मुकादमाची नक्कल करायचीस?’ तिने आधी त्यांच्याकडे रोखून बघितलं. मग तोंडाची एक बाजू हलली, घशातून आवाज निघाला, खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं. ती हसत होती. सर माझ्याकडे वळले. शाळेतलं एखादं पोर बाईंकडे बघतं तसे बघत होते. ‘बाई, हा होकार समजायचा का? की ती म्हातारी काहीतरीच सांगते म्हणून हसते आहे?’ ते पुन्हा आईला म्हणाले, ‘कशी करायचीस? दाखव ना.’ तिने डावा हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला आणि मांडीवर पडला. तो पाटी घ्यायला डोक्याकडे निघाला होता की डोळे पुसायला पदराकडे, हे आम्हा दोघांनाही कळलं नाही. सरांनी तो हात आपल्या हातात घेतला, आणि मग कितीतरी वेळ त्यांनी काहीच विचारलं नाही.