वासरासाठी ठेवलेलं दूध

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच — ती मला चांगली मुलगी समजूनच गेली. मग तुम्हाला का सांगतेय? खरंच माहीत नाही. आत इतकी वर्षं काहीतरी नासत पडलंय आणि त्याचा वास आता माझा मलाच सहन होत नाही, एवढंच.

दोन हजार चार साली आम्ही अमेरिकेत, शॉमबर्गला राहत होतो. नवरा आयटीत, मी डिपेंडंट व्हिसावर. म्हणजे नोकरीची परवानगी नाही, पोळ्या लाटा आणि खिडकीतून पार्किंग लॉट बघा. कंटाळून मी जवळच्या एका जुन्या शेतावर बिनपगारी कामाला जाऊ लागले. शेत म्हणजे — सव्वाशे वर्षांपूर्वी तिथले जर्मन शेतकरी कसे राहत, हे लोकांना करून दाखवायची जागा. आम्ही त्या काळचे कपडे घालायचे — पायघोळ झगा, एप्रन, हनुवटीखाली बांधायची टोपी — आणि कोंबड्यांना दाणे टाकत, लोणी घुसळत येणाऱ्याजाणाऱ्यांना माहिती सांगायची. नागपूरच्या फ्लॅटमध्ये वाढलेली मी, जर्मन शेतकऱ्याची मोलकरीण! पॉटलकला, म्हणजे प्रत्येकीनं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मैत्रिणी चिडवायच्या, "मास्टर्स करून शेवटी शेणच काढतेस ना यार? फोटो तरी फॉरवर्ड कर!" मला ते आवडायचं. निदान कुणीतरी माझ्याबद्दल बोलत होतं.

घाण तिथूनच सुरू झाली. तिथल्या प्रमुख बाईंनी, लिंडानं, पहिल्याच दिवशी विचारलं — तुमच्याकडे गाई असतात ना? आणि मी? उचलली जीभ लावली टाळ्याला. हो, आजोळी होत्या, लहानपणापासून धार काढते. अहो, आमच्याकडे दूध पिशवीतून यायचं! वसुबारसेला आई पाटावर रांगोळीनं गाय-वासरू काढून त्याची पूजा करायची. खऱ्या गाईची मला किळस यायची. तिची शेणानं भरलेली शेपटी गालावर बसली की मी एप्रननं गाल खसाखसा पुसायचे. घरी येऊन कितीही साबण लावला तरी वरणभात कालवताना बोटांना तो वास असायचाच.

पण धार काढायचं काम मला मिळालं. सकाळी मी, पाहुण्यांसमोर. संध्याकाळी वॉल्टर.

वॉल्टर सत्तरी उलटलेला. जन्मभर स्कूलबस चालवलेली, बायको गेलेली, मुलगा लांब कुठेतरी. दिवसभरात मनमोकळं बोलायला त्याला ती एक गायच होती, आणि तिच्याशी तो खरोखर बोलायचा. माझी बोटं कशी पडतात हे बघून त्यानं पहिल्याच दिवशी ओळखलं असणार. पण "तुमच्याकडची पद्धत वेगळी असेल" असं म्हणून त्यानं मला सगळं नव्यानं शिकवलं. एक गोष्ट मात्र तो पुन्हा पुन्हा सांगायचा — कास पूर्ण रिकामी करायची. दूध आत राहिलं की कास सुजते, गाय आजारी पडते. तेव्हा मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोयच नाही. मला माहीत होतं.

आणि तरी मी अर्ध्यातून उठायचे. बोटं दुखायची, वास यायचा, कंटाळा यायचा. एकदा एका पाहुण्यानं विचारलं, अजून दूध येतंय की, थांबलात का? मी गोड हसून म्हटलं — आमच्या देशात शेवटचं दूध वासराचं असतं, त्याला आम्ही हात लावत नाही. काय परिणाम झाला म्हणता! एका बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. टाळ्या पडल्या. लिंडा म्हणाली, हे रोज सांग. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले ती चढलेच. रोज अर्धी धार, रोज ते वाक्य.

आणि वासरू? वासरू होतंच कुठे? ते केव्हाच दुसऱ्या शेतावर नेलेलं. त्या दुधाला पिणारं तोंडच नव्हतं.

एका सकाळी पहिल्याच धारेला पिवळ्या गुठळ्या आल्या. पाणचट दुधात पू असावा तशा. कासेचा एक भाग दगडासारखा घट्ट, हाताला चटका बसेल असा गरम. गाय पाय झाडत होती. समोर लोक उभे होते. मी काय केलं? बादली तिरकी धरली, कुणाला दिसू नये म्हणून. ते वाक्य म्हटलं. टाळ्या घेतल्या आणि उठले — कुणाला काहीही न सांगता. संध्याकाळी वॉल्टरच्या लक्षात आलं, त्यानंच लिंडाला बोलावलं.

गुरांचे डॉक्टर आले, म्हणाले, कुणीतरी धार अर्धवट काढतंय. लिंडानं आधी माझ्याकडेच पाहिलं. वासराचं ते जे सांगतेस, ते खरंच करतेस का?

मूग गिळून बसले असते तरी एक वेळ — पण नाही. मी बोलले. म्हटलं, छे, ती नुसती पाहुण्यांसाठी गोष्ट. ते गेले की मी सगळं दूध काढते. आणि मग — कुणीही विचारलेलं नसताना — म्हणाले, वॉल्टरचे हात हल्ली थरथरतात.

थरथरायचे ते, हे खरं. म्हणूनच ते खोटं इतकं सहज खपलं. वॉल्टर तिथेच उभा होता. तो भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं आपले दोन्ही हात पुढे धरले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, "मीच असेन. मला कळलं नसेल." त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला! स्वतःच्या हातांपेक्षा माझ्यावर!

गाय वाचली, पण तिचा एक सड कायमचा गेला. लिंडानं वॉल्टरला पार्किंगमध्ये गाड्या लावून द्यायचं काम दिलं. थोडे दिवस त्यानं केलं, मग यायचाच बंद झाला. दोन्ही वेळची धार माझ्याकडे आली. आता मी कास पूर्ण रिकामी करत होते. पश्चात्ताप म्हणू नका, पकडले जायची भीती होती ती.

पानगळीच्या दिवसांत तो एकदा आला, साध्या कपड्यांत, पाहुण्यांसारखा दोरीपलीकडे उभा. गाईनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. शेजारच्या बाईला तो हळू आवाजात सांगत होता, पण मला ऐकू आलं — "ह्या मुलीला बघा, धार काढण्यातलं हिला खरं कळतं. माझ्या हातून त्या बिचाऱ्या गाईचे हाल झाले."

माझी धार संपली. सगळ्यांबरोबर त्यानंही टाळ्या वाजवल्या. मी हसून, मान झुकवून त्या घेतल्या.