बदलीचे पेढे

आमच्या महापालिकेने कॉम्प्युटरची राखण करायला बाहेरची कंपनी नेमली. त्या कंपनीचा मला मनापासून राग आहे. आधीच सांगून टाकते, मागून कुणी म्हणायला नको की बाई तिरकी बोलते.

नवऱ्याला अर्धांगवायू झाला तेव्हा मी मुख्य कचेरीतून अंबरपेठच्या ऑफिसात बदली मागितली होती. घर तिथून हाकेच्या अंतरावर. दुपारी जाऊन ह्यांना माझ्या हाताने चार घास भरवता आले असते. शेजारीण बिचारी भरवायची, पण तिच्या हातचं हे धड खायचे नाहीत. एवढंच मागणं होतं माझं.

एका सकाळी मेल आला: बदली मंजूर, आदेश बघायला इथे दाबा. आदेश नंतर निवांत बघू म्हटलं आणि आधी घरी फोन लावला. शेजारणीने तो ह्यांच्या कानाला धरला. "आता रोज दुपारी मीच येणार," मी म्हटलं. हे हसले. आजारपणानंतर पहिल्यांदाच हसले. मी गौलीगुड्याहून पेढे मागवून सगळ्यांना वाटले. समोरच्या टेबलावरचे साहेब म्हणाले, "मुबारक हो मॅडम, अब दावत बी होना!" मग मी मेलवर दाबलं.

पडद्यावर लाल अक्षरं आली: तुम्ही फसलात, सावध राहा!

कंपनीची परीक्षा होती म्हणे. आम्ही फसव्या मेलला भुलतो का, हे बघायला त्यांनीच खोटा मेल धाडला होता. अरे मेल्यांनो, खोटंच बोलायचं होतं तर लॉटरीचं बोलायचं! फसलेल्यांना शिकवायला कंपनीचा एक पुणेकर अधिकारी आला. ह्या तेलुगू-उर्दूच्या शहरात मी मराठी आहे कळल्यावर लाडात आला. "काकू, मनावर घेऊ नका. बदली म्हटलं की लोक हमखास दाबतात."

"हौ का? मग उद्या कुणाच्या मयतीचा निरोप धाडा, तोही हमखास दाबतील," मी म्हटलं. तो खाली बघून वायर गुंडाळत बसला.

घरी ह्यांना सांगितलं, ती बातमी खोटी होती. पुन्हा पुन्हा सांगितलं. पण बातमी डोक्यात शिरली ती शिरली, खोटेपणा काही शिरेना. दुपार झाली की दाराकडे बघत बसायचे आणि शेजारणीचा घास बऱ्या हाताने लोटून द्यायचे.

पुढे काही दिवसांनी पुन्हा तसाच मेल आला: बदली मंजूर, मुदतीत होकार कळवा. दुधाने तोंड पोळलेलं, मी ताकसुद्धा फुंकून पिणार. शिकवल्याप्रमाणे 'संशयास्पद' हे बटण दाबून तो मेल कंपनीकडे धाडला. त्यांचं लगेच उत्तर आलं, शाबास.

तो मेल खरा होता.

मुदत टळली आणि अंबरपेठची जागा दुसऱ्याला गेली, तेव्हा कुठे मला हे कळलं. मी पुणेकराला गाठून विचारलं, "खरा होता तर मला सांगितलं का नाही?"

"काकू, संशयास्पद मेल अडवणं आमचं काम. तो खरा आहे का, हे बघणं करारात नाही."

करारात नाही! भाड्याने आणलेली अक्कल, ती कराराबाहेर कशाला पाऊल टाकेल? आणि वरच्यांनी काय करावं? कंपनीचा करार वाढवला. आता शहरातली सगळी ऑफिसं तिच्याच हाती, अंबरपेठचंसुद्धा. त्याचा समारंभ झाला, त्यात मला मंचावर बोलावून 'सावध कर्मचारी' म्हणून प्रशस्तिपत्र दिलं. टाळ्या पडल्या. माझ्या तोंडात शिवी आली होती, ती गिळून खाली उतरले.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. "आज एक घास घेतला नाही हो," शेजारीण दारातच म्हणाली. दुपारचं ताट झाकलेलंच होतं. प्रशस्तिपत्र चपलांच्या फळीवर टाकलं, हात धुतले, वरणभात गरम करून कालवला आणि ह्यांच्याजवळ बसले. ह्यांनी लगेच तोंड उघडलं. घास गिळून, माझ्याकडे बघत अडखळत म्हणाले, "आज... दुपारी... उशीर केलास."