तारेचं टोक

काल रेडिओ दुरुस्त करताना बोट भाजलं, आणि करपल्या कातडीच्या वासानं डोकं पुन्हा भडकलं.

लढाईच्या दिवसांत साताऱ्याला फौजेची भरती होती. चालू वायरलेसची लांब तार दाखवत भरतीचा साहेब म्हणाला, "टोकाला करंट शून्य असतो. धरा." माझ्या चुलतभावानं, दत्तूनं, धरलं. बोटं भाजून पांढरी पडली.

"आवं, चटका बसला," तो म्हणाला. साहेबानं त्याला वेंधळा ठरवून हाकललं. मला घेतलं.

पुढं फौजेच्या सिग्नल तुकडीत शिकलो. करंट आणि व्होल्टेज त्या तारेवर पावलं जुळवून चालत नाहीत. करंट संपतो तिथंच व्होल्टेज सगळ्यात जास्त. साहेबानं अर्धंच सांगितलं होतं.

त्याचा राग येतोच. पण त्या दिवशी घरी परतताना पाटणच्या मोटारीत मीच दत्तूला म्हणालो होतो, "साहेब कसा चुकंल रं?"