ट्रक चालवता येईल असा लॅपटॉप

आमचा जुना लॅपटॉप ट्रकमुळे गेला असं मी सांगते, तेव्हा लोकांना वाटतं तो चाकाखाली आला असेल. तसं काही झालं नाही. तो अतिकाळजीने गेला, आणि ती काळजी माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी घेतली होती.

आप्पांनी उभी हयात ट्रक चालवला. आळेफाट्यावरून कांदा नाहीतर टोमॅटो भरायचा आणि नाशिक, नगर, कधी थेट गुजरात गाठायचं. मग एका हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू वाचली, डावा पाय काठीच्या आधाराने चालायला लागला, पण डावा हात मांडीवर नुसता पडून राहायचा. डॉक्टरांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. आप्पांनी तो थोडे दिवस दाबला आणि मग मांजराला खेळायला देऊन टाकला.

मी ठिबक सिंचनाचे आराखडे करते. आज येडगावला कुणाचा ऊस, उद्या मढच्या बाजूला कुणाची आंब्याची बाग. बांधावर बसून नळ्यांचा नकाशा लॅपटॉपवर काढायचा, मालकाला दाखवायचा, त्याने खोड काढली की तिथल्या तिथे बदलायचा. लॅपटॉप सॅकमध्ये, सॅक पाठीवर आणि मी स्कूटरवर. एका रविवारी नुसती गंमत म्हणून मी त्या लॅपटॉपवर ट्रक चालवायचा गेम घेतला आणि आप्पांच्या पुढ्यात ठेवला. कुणाला काय आवडेल हे बघण्याची मला फार खोड आहे. आई म्हणते, हिला बोलावलं तर ही शेजारच्यांच्या भाजीत चमचा घालून बघेल.

आप्पांनी आधी पाच-सहा प्रश्न विचारले. माल काय भरलाय, किती टनांचा, टायर कुठले, वजनकाटा कुठे लागतो. मग बाणांच्या बटणांवर उजवा हात ठेवून त्यांनी गाडी काढली. रस्ता कुठल्यातरी परदेशातला होता. गाड्या उजव्या बाजूने चालत होत्या, ते त्यांना लगेच जमलं. जमलं नाही ते दुसरंच.

"या मुलखात माणसं ऱ्हात्यात का न्हाई?" ते म्हणाले. "एक माणूस आडवा येत न्हाई, एक म्हस न्हाई. हॉर्न कुणासाठी दिलाय मंग?"

पण हॉर्नचं बटण कीबोर्डच्या डाव्या अंगाला होतं, आणि आप्पांसारख्या ड्रायव्हरला हॉर्न न वाजवता गाडी चालवणं जड जात असणार. तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी पाहिलं, तर मांडीवरचा डावा हात टेबलावर आला होता आणि त्याचं एक बोट त्या बटणावर होतं. चेंडूने जे झालं नव्हतं ते हॉर्नने केलं. मग तो हात रोज थोडा जास्त उठायला लागला. चहाचा कप धरण्यापर्यंत मजल गेली. तो चहासुद्धा आप्पा गेममधली गाडी कडेला लावून, हँडब्रेक ओढून मगच प्यायचे. चालत्या गाडीत चहा घ्यायचा नाही हा त्यांचा जुना नियम होता.

दुसरा नियम लॅपटॉपच्या मुळावर आला. मोठी गाडी घाट चढून आली की इंजिन लगेच बंद करायचं नसतं. थोडा वेळ जागेवर चालू ठेवायचं, तेल फिरू द्यायचं, तापलेला टर्बो निवू द्यायचा, मग चावी काढायची. आप्पांनी हे लॅपटॉपलाही लागू केलं. फेरी संपली की ते तो बंद करत नसत. गेम तसाच चालू ठेवून म्हणत, "दम खाऊ दे त्याला." आमचं घर हायवेला लागून, धूळ सतत येते. म्हणून ते त्यावर ताडपत्रीचा तुकडा घालायचे, आणि चारी बाजूंनी तो असा नीट खोचायचे की आतला माल भिजणार नाही. संध्याकाळी मी लॅपटॉप घरी आणला की आप्पा चालवायचे, आणि मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत तो ताडपत्रीखाली तापत पडलेला असे. मे महिन्यात एका संध्याकाळी घरात करपल्याचा वास आला. आईला वाटलं दूध उतू गेलं.

दुरुस्तीवाल्याने मान हलवली. आप्पांनी एवढंच विचारलं, "इंजिन जाम झालं का?" आणि आम्ही हो म्हणालो.

त्या दिवसापासून त्यांनी गेमचं नाव काढलं नाही. मी ऑफिसचा एक जुनाट लॅपटॉप मागून आणला होता. त्यावर माझा नकाशाच कसाबसा उघडायचा, ट्रक कुठला चालायला. आप्पा दारात खुर्ची टाकून हायवेवरचे ट्रक बघत बसायला लागले. जाणाऱ्या ट्रकच्या टायरकडे बघून आत काय भरलंय ते ओळखायचे आणि कुणी विचारलं नाही तरी सांगायचे. डावा हात पुन्हा मांडीवर गेला. कप उजव्या हाताने उचलायला लागले. ते पाहून मला भीती वाटली. नवा लॅपटॉप मला कामासाठी घ्यायचाच होता. तो असा घ्यायचा की त्यावर आप्पांचा ट्रकही चालेल, हे मी मनाशी ठरवलं.

मग माझं नसतं कुतूहल जागं झालं. मी महिनाभर व्हिडिओ बघितले. रॅम म्हणजे काय, ग्राफिक कार्ड कशाला, पडदा सेकंदाला किती वेळा बदलतो. जेवताना बघायचे, स्कूटरवर कानात घालून ऐकायचे. जितकं ऐकलं तितकं एकच कळत गेलं. गेमसाठी जोरदार लॅपटॉप हवा, तो जोर म्हणजे उष्णता, उष्णता बाहेर टाकायला पंखे, पंख्यांसाठी जाडी, आणि जाडी म्हणजे वजन. वर त्याचा चार्जर विटेएवढा. उलट पातळ, हलका लॅपटॉप पाठीवर घेऊन मढपर्यंत जाता येतं, पण त्यावर गेम घातला की तो तापतो आणि मंदावतो. दोन्ही जमेल असा म्हणावा, तर कुणी म्हणे ही उत्तम तडजोड आहे आणि कुणी म्हणे एक ना धड भाराभर चिंध्या.

हे मी आप्पांना समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"मोकळी गाडी कशीबी पळती," ते म्हणाले. "भरून चालवल्याबगर काय कळत न्हाई. मला दुकानात घेऊन चल."

एवढ्या दिवसांनी त्यांनी स्वतःहून कुठे जायचं म्हटलं होतं. आई म्हणाली, "सुंभ जळाला तरी पीळ जाईना तुमचा," पण त्यांचा धुतलेला सदरा तीच काढून देत होती.

आम्ही एसटीने मंचरला गेलो. आळेफाट्यावर जे दुकान आहे तिथे लॅपटॉप खोक्यातच दाखवतात, हात लावू देत नाहीत. मंचरच्या दुकानातले चालू करून ठेवलेले असतात असं मी ऐकलं होतं. आप्पा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि मंचर येईपर्यंत त्याचं गिअर बदलणं ऐकत राहिले. उतरताना त्याला म्हणाले, "भाऊ, दुसरा गिअर जरा लवकर सोडता तुमी." ड्रायव्हर हसला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुकानदार माझ्याच वयाचा, सोशिक माणूस होता. मी यादीतले शब्द धडाधड बोलून दाखवले. त्याने दोन लॅपटॉप समोर ठेवले. एक जाड, काळा, बटणांखाली लाल दिवे. दुसरा पातळ, राखाडी, ग्राफिक कार्ड असलेला, पण ते कमी ताकदीचं.

"काका, हा गेमिंगचा," जाड्यावर हात ठेवून तो म्हणाला. "कायपण टाका, चालणार. आणि हा ताईंच्या कामाचा. गेम चालेल, पण सगळं फुल्ल करून नाही चालणार."

"दोन्ही भरून दाखवा," आप्पा म्हणाले.

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी खुलासा केला, भरून म्हणजे गेम घालून. मग तो माझ्या खात्यावरून दोन्ही लॅपटॉपवर ट्रकचा गेम उतरवून घ्यायला लागला, आणि उतरेपर्यंत दोनदा चहा झाला. मध्ये गिऱ्हाइकं आली, मोबाइलची काच बदलून गेली, आप्पा स्टुलावर तसेच बसून. त्यांचं लक्ष त्या दोन लॅपटॉपवर होतं. मध्येच उठले, काठी काउंटरला टेकवली, आणि जाडा लॅपटॉप डाव्या हाताने उचलायला गेले. तो एका बाजूने उठला आणि कलंडला. दुकानदाराने झेप घालून धरला.

"आप्पा, तो मी उचलेन ना," मी म्हणाले. मला मेलीला वाटलं, हे माझ्यासाठी वजन करून बघतायत. म्हणून म्हणाले, "माझ्या पाठीची काळजी करू नका. जड असला तरी मी नेईन."

ते परत स्टुलावर जाऊन बसले.

गेम सुरू झाला. जाड्यावर ट्रक लोण्यातून सुरी जावी तसा निघाला. शहर आलं, पाऊस आला, रात्रीचे दिवे ओल्या रस्त्यावर चमकले, कुठे अडखळणं नाही. पंखे मोठ्याने फिरायला लागले, तेव्हा आप्पा खुश झाले. "दम घेतंय," म्हणाले. आरशात मागून येणारी गाडी दिसत होती. मी त्यांचा चेहरा बघत होते आणि मनात ठरवून टाकलं की हाच घ्यायचा.

मग पातळ्याची पाळी आली. मोकळ्या रस्त्याला बरा चालला. पाऊस सुरू झाला तसा ट्रक झटके घ्यायला लागला. आप्पांनी ब्रेक दाबला, तर गाडी जरा उशिराने थांबली.

"सेटिंग कमी करतो, काका," दुकानदार म्हणाला. "लांबची झाडं काढली तर चालेल?"

"लांबची झाडं काय करायचीत? म्होरचा रस्ता दिसला म्हंजे झालं."

"सावल्या काढू?"

"काढा."

"आरशातलं चित्र बंद केलं तर अजून हलकं होईल."

"आरसा न्हाई," आप्पा लगेच म्हणाले. "आरसा तेवढा ठिवा. आरशाबगर गाडी कुणी काढती का?"

आरसे राहिले, ढग गेले, झाडं गेली, रस्त्यावरची चमक गेली. उरला एक साधा राखाडी रस्ता, आणि त्यावरून ट्रक विनाझटका चालला. चार्जर जोडलेला हवा एवढीच अट. बटणांच्या वरची पट्टी तापली होती, तिला आप्पांनी उजव्या हाताचा पंजा लावून बघितला आणि मान डोलावली. मग गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, आणि पुन्हा उठले. या वेळी डाव्या हाताने पातळ लॅपटॉप धरला. त्यांनी तो उचलला, काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला, आणि खाली ठेवला. परत आणला. परत ठेवला.

"ह्यो," ते म्हणाले.

मी वाद घातला. मला वाद घालायला आवडतं, आणि या वेळी तर मी महिनाभर अभ्यास केलेला. मी म्हणाले, तुम्ही माझ्यासाठी कमी घेताय, हे मला चालणार नाही. म्हणाले, पावसात गाडी झटके घेत होती ते मी पाहिलंय. बरंच काही म्हणाले. दुकानदार उगाच तारा गुंडाळत उभा राहिला.

"तुझ्यासाठी न्हाई घेत गं," आप्पा शेवटी म्हणाले. "तो जाड मला उचलत न्हाई. तू सुट्टीला घरी आसली की लॅपटॉप कपाटात आन् तू आत झोपलेली. मी तुझ्या आईला हाक मारायची. तिचे हात पिठात. ती म्हणती थांबा, मी थांबतो. मंग ती येणार, काढून देणार, लावून देणार. अगं, इतकी वर्सं गाडी चालवली, कधी कुणाला इचारून काढली न्हाई."

महिनाभर मी पडद्याचा, पंख्याचा, वेगाचा विचार केला होता. ज्याला चालवायचाय त्याला तो कपाटातून टेबलापर्यंत नेता येईल का, हे एकाही व्हिडिओत नव्हतं आणि माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मला भरून आलं, आणि ते लपवायला मी दुकानदारावर खेकसले की खोकं नीट बांधा.

घरी आईने लॅपटॉपला हळदीकुंकू लावलं, ते हवेच्या जाळीत जाऊ नये म्हणून मी मध्ये हात धरला. ताडपत्री मी सकाळीच लपवून ठेवली होती. आप्पांना समजावलं की या गाडीला टर्बो नाही, काम झालं की सरळ बंद करायची. त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही, पण हो म्हणाले.

पुढच्या रविवारी मी घरीच होते, आतल्या खोलीत पडून. कपाटाचं दार वाजलं. मी उठून बघणार होते, पण तशीच पडून राहिले. काठीचा आवाज आला नाही. उजव्या हाताने भिंत धरून चालताना होतो तसा पायाचा घसटता आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मग टेबलावर काहीतरी हळूच टेकलं.

थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आई ओरडली, "अवं, लॅपटॉप काढून देऊ का? हात धुतलेत मी."

बाहेरून आधी हॉर्न वाजला.

"नगं," आप्पा म्हणाले. "मी कवाच निघालोय."